नकलेचं मोल : जुन्या वळणाच्या लिव्हर रायफलींचा फेरविक्रीचा बाजार

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात अब्राहम लिंकन यांना भेट मिळालेली एक हेन्री रायफल आहे. तिचा अनुक्रमांक ६. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० मध्ये या रायफलीचं पेटंट घेतलं. नळीखालच्या लांब नळकांड्यात सोळा काडतुसं भरायची आणि चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढून वर घ्यायची. रिकामं पुंगळं बाहेर पडून नवं काडतूस जागेवर बसायचं. न्यू हेवनच्या कारखान्यात १८६६ पर्यंत अशा सुमारे १४,००० रायफली घडल्या. त्यामुळे अस्सल हेन्री आज हजारो डॉलरना विकली जाते. तशीच दिसणारी इटालियन नक्कल मात्र नवी कोरी घेतली तरी हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास मिळते. म्हणूनच वारसाहक्काने किंवा जुन्या बाजारातून अशी रायफल हाती आली, की पहिला प्रश्न येतो तो ती अस्सल की नक्कल, हा.

या नकलांचं माहेर इटलीत, ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल ट्रोंपिया या गावी. तिथे शतकानुशतकं बंदुका घडतात. आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये तिथेच कारखाना काढला. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर होती, हौशी मंडळींना त्या काळची शस्त्रं हवी होती आणि अस्सल माल परवडेनासा झाला होता. सुरुवात रिव्हॉल्व्हरच्या नकलांनी झाली. पुढे विंचेस्टर या अमेरिकी कंपनीची १८६६ ची पितळी रायफल, हेन्री आणि १८७३ ची विंचेस्टर यांच्या नकलाही आल्या. २००० मध्ये ही कंपनी बेरेटा समूहाकडे गेली.

नळीवरचे शिक्के

नकलेचा जन्मदाखला तिच्या धातूवरच असतो. इटलीत प्रत्येक बंदूक सरकारमान्य चाचणीगृहातून जाते. तिथे जादा दाबाचा बार उडवून नळी तपासतात आणि चांदणीचा शिक्का मारतात. शेजारच्या चौकटीत वर्षाची खूण असते. १९७४ पर्यंत रोमन आकडे होते, १९७५ पासून दोन अक्षरं आली : ‘एए’ म्हणजे १९७५, ‘एबी’ म्हणजे १९७६. हे शिक्के भिंगाखाली वाचले, की ‘पणजोबांच्या काळातली’ म्हणून दाखवलेल्या रायफलीचं खरं वय लगेच कळतं.

दुसरी खूण काडतुसाची. अस्सल हेन्रीचं काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारं, म्हणून तिच्या आघातखिळीला दोन टोकं असतात. आजच्या नकला मध्यावर आघात लागणाऱ्या काडतुसांच्या असतात. नळीवर ‘.४५ कोल्ट’ दिसलं तर शंकाच उरत नाही. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने या काडतुसाची लिव्हर रायफल बनवलीच नव्हती.

इथेच कायद्याचाही संबंध येतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंतची शस्त्रं पुरातन ठरतात. आजही सर्रास मिळणारी काडतुसं डागणाऱ्या नकलेला ती सवलत नाही. दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावी लागते. त्याचं शुल्क, वाहतूक आणि लिलावगृहाची दलाली हे सगळं विकणाऱ्याच्या हिशेबात धरावं लागतं.

भाव कसा काढावा

नकलेच्या भावाला वरून एक मर्यादा असते : त्याच नमुन्याच्या नव्या रायफलीची आजची दुकानातली किंमत. विंचेस्टरच्या नावाने जपानच्या मिरोकू कारखान्यात बनलेली १८७३ ची रायफल २०१३ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून गिऱ्हाइकाला निवड आहे. त्या मर्यादेखाली स्थिती बघायची. पोलादावरचा निळा मुलामा किती टक्के टिकलाय, नळीतले आटे स्वच्छ आहेत की काळ्या दारूने खाल्लेत, दस्त्याला तडा आहे का, पेचांच्या खाचा झिजल्यात का? मूळ खोकं आणि कागदपत्रं असतील तर भाव थोडा चढतो.

मागणी कुणाची आहे, हेही महत्त्वाचं. काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीची संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली आणि १८७३ ची नक्कल हे त्या खेळाडूंचं आवडतं हत्यार ठरलं. स्वस्त, सौम्य काडतुसाची रायफल तिथे पटकन खपते. लिव्हरचा पल्ला कमी केलेली रायफल खेळाडूला हवीहवीशी वाटते, संग्राहक तिच्याकडे पाठ फिरवतो. जाहिरातीत मागितलेली रक्कम भाव ठरवायला निरुपयोगी असते. लिलावात प्रत्यक्ष सौदा झालेले आकडेच धरावेत.

काही जण शिक्के घासून टाकतात, आम्लाने धातू जुना करतात. त्या काळाचा देखावा उभा करणाऱ्यांना हे चालतं. तीच रायफल पुढे अस्सल म्हणून खपवली, तर ती सरळ फसवणूक होते. शिवाय शिक्के गेले की निर्माता आणि साल ओळखणं अवघड होतं, म्हणजे प्रामाणिक विक्रेत्याचाही तोटाच. तेव्हा अशी रायफल ज्याच्याकडे असेल, त्याने ती पॉलिशवाल्याकडे देऊ नये. आधी शिक्क्यांचे स्पष्ट फोटो काढावेत, परवानाधारक जाणकाराकडून तपासून घ्यावी आणि विकताना नक्कल म्हणूनच विकावी. तिला रास्त भाव त्यातूनच मिळतो.