लॅपटॉप ते गाडी : निदानाच्या केबलचे बिघाड आणि त्यांचा शोध

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या सिंधुदुर्गाच्या किनारी तालुक्यांतील गॅरेजमध्ये इंजिनाचा दोष शोधताना पाना-पक्कड आणि मिस्त्रीचा अनुभवी कान यांच्या जोडीला आता लॅपटॉपही लागतो, आणि त्यामागे गाड्यांच्या रचनेत कायद्याने घडवून आणलेला बदल आहे. भारत स्टेज ४ या उत्सर्जन-मानकाखालील गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही यंत्रणा आवश्यक झाली, १ एप्रिल २०१७ रोजी ते मानक देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून त्याची जागा भारत स्टेज ६ ने घेतली. ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स; गाडीतील संगणक धुरावर परिणाम करणारे दोष स्वतः ओळखतो, त्यांची सांकेतिक क्रमांकाने नोंद ठेवतो आणि चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो. ही नोंद वाचण्यासाठी स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिलेले असते, ज्यातील सोळाव्या पिनेवर बॅटरीचा धन प्रवाह, चौथ्या आणि पाचव्या पिनेवर अर्थ, सातव्या पिनेवर के-लाइन ही जुन्या पद्धतीची एकेरी संदेशवाहिनी, तर सहाव्या आणि चौदाव्या पिनेवर कॅन ही नव्या गाड्यांतील दुहेरी संदेशवाहिनी असते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे उत्पादकाचे स्वतंत्र स्कॅनर असतात. लहान गॅरेजवाल्याला मात्र जुना लॅपटॉप आणि ऑनलाइन मागवलेली स्वस्त केबल यांवर भागवावे लागते, आणि याच केबलपाशी बहुतेक अडचणी सुरू होतात. गाडीचा दोष वाचण्याआधी केबलचाच दोष शोधण्यात दुपार निघून जाते, ग्राहक ताटकळतो आणि शेवटी खापर गाडीच्या संगणकावर फोडले जाते. अशा प्रसंगी बिघाड प्रत्यक्षात कोठे आहे हे निश्चित करण्याची पद्धत आहे, आणि ती लॅपटॉपच्या टोकापासून गाडीकडे एकेक पायरीने जाते; उलट दिशेने सुरुवात करणारा माणूस सहसा निष्कारण वायरिंग उसवत बसतो.

गाडीचा संगणक संदेश एकामागून एक बिट असे क्रमाने पाठवतो, आणि पूर्वीच्या संगणकांना असे संदेश घेणारे सिरियल पोर्ट असे. आजच्या लॅपटॉपला ते नसल्यामुळे केबलच्या आत एक चिप बसवलेली असते, जी यूएसबीचे रूपांतर सिरियल संदेशांत करते. या चिपशी कसे बोलावे हे विंडोजला उपजत ठाऊक नसते. ते ज्या छोट्या संगणकप्रणालीमुळे कळते, तिला ड्रायव्हर म्हणतात, आणि तिचे काम दुभाष्यासारखे असल्याने एका चिपचा ड्रायव्हर दुसऱ्या चिपच्या उपयोगी पडत नाही. बाजारात प्रामुख्याने तीन घराण्यांच्या चिप आढळतात: स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीची एफटी२३२, तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३ आणि चीनमधील नानजिंग येथील डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४०. प्लास्टिकच्या आवरणावर यांपैकी काहीच लिहिलेले नसते, आणि हेच या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. केबलसोबत आलेल्या छोट्या सीडीवर भलत्याच चिपचा ड्रायव्हर निघणे ही तर सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

आत कोणती चिप आहे हे आवरण न फोडताही कळते. यूएसबीची चिप लॅपटॉपकडूनच वीज घेत असल्यामुळे केबल गाडीला न जोडता टेबलावरच लॅपटॉपला लावावी आणि विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे त्या उपकरणाच्या तपशिलात, हार्डवेअर आयडी या नोंदीखाली, उत्पादकाचा आणि उत्पादनाचा असे दोन क्रमांक दिसतात. उत्पादकाचा क्रमांक ०४०३ असेल तर चिप एफटीडीआयची, ०६७बी असेल तर प्रोलिफिकची आणि १ए८६ असेल तर डब्ल्यूसीएचची, असे समजून ड्रायव्हर फक्त त्या चिप-उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘मोफत ड्रायव्हर’ देणाऱ्या इतर संकेतस्थळांकडून त्यासोबत नको ते सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरण्याचा धोका असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसल्यास उपकरणाच्या तपशिलात येणाऱ्या दोष-क्रमांकालाही अर्थ असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी विंडोजला पडताळता आली नाही, १० म्हणजे ड्रायव्हर असूनही उपकरण सुरू होऊ शकले नाही, आणि ४३ सोबत ‘अनोळखी यूएसबी उपकरण’ असे दिसले तर बहुधा केबलची तार किंवा चिपच निकामी झालेली असते, ज्यावर कितीही ड्रायव्हर बदलले तरी उपाय होत नाही. लॅपटॉप केबलची दखलच घेत नसेल, तर दुसरे यूएसबी सॉकेट वापरून पाहावे. आणि सुटी यूएसबी वायर जोडायच्या प्रकारचे उपकरण असेल, तर ती वायर केवळ चार्जिंगची, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारा नसलेली, नाही ना हे तपासावे.

यांपैकी १० हा क्रमांक सर्वाधिक छळतो आणि त्याच्या मुळाशी नकली चिपांचा प्रश्न आहे. स्वस्त केबलींमध्ये नामांकित चिपांच्या नकला इतक्या पसरल्या की मूळ उत्पादकांनी ड्रायव्हरमधूनच त्यांच्यावर प्रहार केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटसोबत आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिच्यातील उत्पादन-क्रमांक शून्य करून टाकला, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या केबली अचानक अनोळखी ठरल्या. जगभर टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. २०१६ मधील ड्रायव्हरने निराळा मार्ग धरला आणि नकली चिपकडून येणाऱ्या माहितीच्या जागी ‘अस्सल नसलेले उपकरण आढळले’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पाठवायला सुरुवात केली, जो निदानाच्या प्रोग्रॅमला अर्थातच निरर्थक वाटतो. प्रोलिफिकने नकलांना आळा घालताना आपल्याच जुन्या चिपांचा आधारही विंडोज ८ पासून काढून घेतला. परिणामी जुनी पण अस्सल केबलही नव्या लॅपटॉपवर १० क्रमांक दाखवते. आपल्या मालाच्या नकलेविरुद्ध लढण्याचा कंपन्यांचा हक्क मान्य केला, तरी ज्या कारागिराने केबल सद्भावनेने विकत घेतली त्याचे साधन न सांगता बंद पाडणे हे अन्यायाचेच होते, असे म्हणावे लागते.

यावर गॅरेजमध्ये वापरला जाणारा उपाय म्हणजे जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसवून डिव्हाइस मॅनेजरमधील यादीतून तो हाताने निवडणे. तो बऱ्याचदा लागू पडतो, पण विंडोज पुढच्या अपडेटमध्ये नवी आवृत्ती परत आणू शकते, आणि विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण काही जुन्या ड्रायव्हरांना चालूच देत नाही. संरक्षण बंद करून जुना ड्रायव्हर रेटण्यापेक्षा अस्सल चिपची केबल घेणे अंतिमतः स्वस्त पडते. दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा की केबलचा याचा निर्णय होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे, कारण या तिन्ही घराण्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. तेथेही केबल ओळखली गेली नाही तर दोष केबलचाच समजावा.

ड्रायव्हर नीट बसल्यावर केबलला कॉम पोर्टचा एक क्रमांक मिळतो, आणि निदानाच्या प्रोग्रॅममध्ये तोच क्रमांक निवडलेला असावा लागतो. स्वतःचा अनुक्रमांक नसलेली चिप निराळ्या यूएसबी सॉकेटला लावली की विंडोज तिला निराळा पोर्ट-क्रमांक देते, म्हणून केबल नेहमी एकाच सॉकेटला लावण्याची सवय उपयोगी पडते; काही जुने प्रोग्रॅम तर फक्त कॉम १ ते ४ एवढेच ओळखतात, तेव्हा पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक बदलावा लागतो. त्याच ठिकाणी एफटीडीआयच्या चिपसाठी लेटन्सी टायमर ही नोंद असते. आलेली माहिती चिप किती वेळ साठवून मग पुढे पाठवेल हे ती ठरवते आणि तिचे मूळ मूल्य १६ मिलिसेकंद असते. के-लाइनवर संभाषण सुरू करताना लॅपटॉप सेकंदाला पाच बिट इतक्या संथ गतीने गाडीचा पत्ता पाठवतो, मग गाडी आपले संकेत सेकंदाला १०,४०० बिट या गतीने देते, आणि त्यांतील शेवटच्या संकेताला २५ ते ५० मिलिसेकंदांच्या आत उत्तर जावे लागते. एवढ्या अरुंद फटीत १६ मिलिसेकंदांचा विलंब महाग पडतो, आणि तो १ वर आणल्यावर हट्टी गाडी उत्तर देऊ लागल्याचे पुष्कळदा दिसते.

यानंतरही गाडी गप्प असेल, तर के-लाइनचाच एक गुणधर्म मदतीला येतो. ही वाहिनी एकाच तारेची असल्याने लॅपटॉपने पाठवलेले प्रत्येक अक्षर त्याच्याकडेच परत येते. केबल गाडीच्या सॉकेटला लावून, इग्निशन चालू करून प्रोग्रॅममधील केबल-चाचणी घेतली आणि हा प्रतिध्वनी आला, तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि चिप ही साखळी शाबूत आहे आणि दोष गाडीच्या बाजूला किंवा केबलच्या निवडीत आहे, असा निष्कर्ष काढता येतो. केबलची निवड हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण केवळ के-लाइनसाठी बनवलेली केबल कॅनवर बोलणाऱ्या गाडीशी कधीच बोलू शकत नाही. सॉकेटचा आकार सारखाच असल्याने भारत स्टेज ६ च्या गाडीला ती बसते, ड्रायव्हरही निर्दोष दिसतो, आणि तरी उत्तर येत नाही. कॅनसाठी ईएलएम३२७ सारखी, संदेशपद्धती स्वतः ओळखणारी चिप असलेले उपकरण लागते. ही चिप सहसा गाडीच्या बॅटरीवर चालते, म्हणून टेबलावर पोर्ट दिसला तरी तिचे उत्तर गाडीला जोडल्यावरच मिळते.

किनाऱ्यावर या सगळ्यात खाऱ्या हवेची भर पडते. मासळीची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारट पाणी झिरपत राहते, पावसाळ्यात ओल्या पायांमुळे चालकाच्या बाजूचा गाडीचा तळ दिवसचे दिवस सुकत नाही, आणि पिनांवर हिरवट थर चढतो. म्हणून सॉकेटमधील सोळाव्या आणि चौथ्या पिनेत मल्टिमीटर लावून बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो का हे पाहावे, मग पाचव्या पिनेशी तीच तपासणी करावी. व्होल्टेज नसल्यास आधी फ्यूज आणि अर्थचा जोड तपासावा, आणि पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात, सॅंडपेपरने खरवडू नयेत, कारण त्यांवरील मुलामा गेला की गंज अधिक वेगाने चढतो. केबलही काम संपल्यावर हवाबंद डब्यात ठेवावी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने जिल्ह्यातील वीजपुरवठा अनेक ठिकाणी कित्येक दिवस कोलमडला होता. अशा वेळी इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घेणे शक्य नसते, म्हणून चालू असलेल्या ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवणे गॅरेजच्या हत्यारांइतकेच आवश्यक मानावे.

दोषांचे क्रमांक वाचणे आणि गाडीच्या संगणकात नवी माहिती लिहिणे ही दोन कामे धोक्याच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. वाचताना केबल तुटली तर काहीच बिघडत नाही. लिहिताना संपर्क तुटला तर संगणक निकामी होऊ शकतो, म्हणून स्वस्त केबल, संशयास्पद ड्रायव्हर किंवा उतरलेली बॅटरी असताना ते काम कोणीही हाती घेऊ नये. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या राइट टू रिपेअर या संकेतस्थळात मोटारगाड्यांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरापर्यंत पोहोचावी ही त्यामागील भूमिका निदानाच्या साधनांपर्यंत विस्तारली, तर मालवणातल्या गॅरेजला त्याचा थेट लाभ होईल. तोपर्यंत नवी केबल घेणाऱ्याने विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आत कोणत्या कंपनीची चिप आहे, आणि केबल के-लाइनसाठी आहे की कॅनसाठी. ज्या विक्रेत्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून केबल घेऊ नये.