लांबची वाट, थोडका वेळ

अंतराला वेगाने भागले की वेळ निघतो, असे आपण शाळेत शिकलो. आता हे ऐका. दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाचे विमान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट, पूर्वेकडून पॅसिफिकवरून धाडले. वाट झाली १५,३०० किलोमीटर, आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे जवळजवळ दोन तास कमीच!

ही करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नदीत नाव प्रवाहाबरोबर सोडली की दोन वेगांची बेरीज होते. उलट नेली की वजाबाकी. पृथ्वी फिरते म्हणून विमानाचा वेळ वाचतो, असे कोणी सांगेल, ते काही खरे नव्हे. पृथ्वीबरोबर तिच्या भोवतालची हवाही फिरतच असते.

गुरुजींनी शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का यांवरून जाईल. सर्वांत जवळची वाट तीच, सुमारे १२,४०० किलोमीटरांची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र ती सापडायची नाही.