नोकरदाराच्या घरचा कुत्रा

धनगराचा कुत्रा दिवसभर मेंढरांमागें हिंडतो. धन्याचें काम तेंच त्याचें काम. शहरांतील नोकरदाराचा कुत्रा मात्र सकाळीं ८ पासून सायंकाळीं ७ पर्यंत बंद दाराकडे पाहत बसतो. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला, कळपानें राहणारा प्राणी होय. अन्नपाणी समोर असलें तरी एकांत त्याला जाचतो. मग तो भुंकतो, दार ओरबाडतो, जोडे फाडतो. आणि आपण संध्याकाळीं येऊन त्याला मारतों! दुपारच्या अपराधाची ही शिक्षा आहे, हें त्या बिचाऱ्यास मुळींच कळत नाहीं.

पिलाची अडचण निराळी. ३ महिन्यांच्या पिलाला ३-४ तासांपलीकडे लघवी आवरत नाहीं. तेव्हां दुपारीं ज्या घरीं कोणी नसतें तेथें पिलूं आणूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वाढलेला कुत्रा आणावा. निघण्यापूर्वीं त्याला अर्धा तास फिरवावें, पाणी भरून ठेवावें, आणि एकटें राहण्याची संवय ५ मिनिटांपासून हळूहळू वाढवावी. दुपारीं शेजारी त्याला एकदां बाहेर नेईल तर उत्तमच. शाळेंतून लवकर परतणारें मूल घरीं असल्यास निम्मा प्रश्न सुटतो. मात्र खेळावयास जाण्याआधीं त्यानें कुत्र्यास हिंडवून आणलें पाहिजे, हें कुत्रा आणण्यापूर्वींच आईबापांनीं व मुलानें मिळून ठरवावें.