उसाच्या वाढ्यांचा मुरघास : दुधाळ गाईंच्या आहारातील स्थान व मर्यादा

प्रस्तावना :
पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात उसाच्या शेंड्याकडील हिरवा भाग, म्हणजेच वाढे, मुबलक उपलब्ध होतात. ऊसतोड मजूर त्यांच्या मोळ्या बांधून विकतात आणि अनेक गोठ्यांत तीच प्रमुख वैरण ठरते. हंगाम संपताच हा पुरवठा थांबतो व ऐन उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो. ही विसंगती मुरघासाने कमी करता येते. परंतु वाढ्यांतील पोषणविषयक उणिवा केवळ मुरघास केल्याने दूर होत नाहीत. या दोन्ही बाजूंचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मुरघासामागील शास्त्र :
हवाबंद स्थितीत चाऱ्यातील शर्करेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू सुमारे ४ पर्यंत उतरला की चारा कुजविणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. वाढ्यांमध्ये शर्करा असल्याने ही क्रिया सुलभ होते. मात्र कांड्याचा भाग अधिक राहिल्यास यीस्टमुळे शर्करेचे मद्यार्कात रूपांतर होऊन पोषणमूल्य घटते.

कृती :
ताज्या वाढ्यांची २ ते ३ सें.मी. लांबीची कुट्टी करावी. ओलावा ६५ ते ७० टक्के असावा. कुट्टी मुठीत आवळली असता पाणी ठिबकू नये. थर देत व दाबत हवा पूर्णपणे काढावी आणि प्लॅस्टिकच्या कागदाने तोंड बंद करावे. सुमारे ४५ दिवसांनी मुरघास वापरता येतो.

साठवणुकीचे प्रमाण :
दोन गाईंना प्रत्येकी १५ किलो याप्रमाणे १०० दिवसांसाठी ३,००० किलो मुरघास लागतो. एका घनमीटरमध्ये ५०० किलो मावतो असे धरल्यास ३ मी. लांब, २ मी. रुंद व १ मी. खोल खड्डा पुरेसा वाटतो. परंतु अशा खड्ड्यातून रोज केवळ ३ सें.मी. जाडीचा थर निघेल. उघडा भाग दीर्घकाळ हवेत राहून तापतो व त्यास बुरशी लागते. म्हणून अल्पभूधारकांनी एका खड्ड्याऐवजी जाड प्लॅस्टिकच्या लहान पिशव्या भराव्यात व एक संपल्यावरच दुसरी उघडावी. बुरशी लागलेला भाग जनावरांना घालू नये.

मर्यादा :
वाढ्यांच्या शुष्क भागात प्रथिने साधारणतः ५ ते ६ टक्के असतात; कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना किमान ७ टक्के तरी आवश्यक असतात. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. वाढ्यांतील ऑक्झलेट आहारातील कॅल्शियमशी बांधले जाते व ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे १० लिटर दूध देणाऱ्या गाईच्या शरीरातून रोज १२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते. ही झीज आहारातून भरून न निघाल्यास ती हाडांतून भरली जाते व कालांतराने दूधही घटते. त्यामुळे वाढ्यांच्या मुरघासासोबत लसूणघास किंवा चवळीचा चारा, पेंड आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण देणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
मुरघासामुळे हंगामातील वाढे उन्हाळ्यापर्यंत टिकतात. त्यांचा कस मात्र वाढत नाही. त्यांना पूरक आहार मानले तर खर्च वाचतो. एकमेव आहार मानले तर त्याची किंमत गाईच्या हाडांना मोजावी लागते.