नळीने आवळलेल्या शिरा

हात खांद्यापर्यंत सुजलेला, बांगडी मनगटात रुतून बसलेली, छातीवर निळ्या शिरांचं जाळं. डायलिसिस संपवून सुई काढली की रक्त लवकर थांबत नाही. दुखणं हातात दिसतं, पण मूळ छातीत असतं. हृदयाकडे जाणारी मोठी शीर तिथे आवळलेली असते.

ती आवळली बहुतेकदा उपचारानेच. 1966 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी व शीर जोडून केलेल्या फिस्टुलाची माहिती प्रसिद्ध केली. याहून चांगली वाट आजही नाही. पण फिस्टुला तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि पेशंट येतो तो धाप लागलेला. मग गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत नळी घालणं रूढ झालं. त्याची किंमत पुढे कळली. 1991च्या एका अभ्यासात अशा 42 टक्के शिरा अरुंद झालेल्या आढळल्या. मानेच्या शिरेत नळी घातलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. तेव्हापासून मानेच्या उजव्या शिरेला पसंती मिळत गेली.

तोवर दुसरीकडे इलाज घडत होता. 1964 साली पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पायाची अरुंद धमनी आतून नळ्या सरकवून उघडली. 1974 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा वापरला. ऐंशीच्या दशकात तो छातीतल्या शिरांपर्यंत पोचला. पडद्यावर बघावं: तार अडथळा पार करते, फुगा फुगतो, मधोमध कमरेसारखी खाच पडते. दाब वाढवत नेला की खाच नाहीशी होते. थोड्याच दिवसांत बांगडी सैल होते.

पण शीर रबरासारखी परत मिटते, कित्येकदा काही महिन्यांतच. मग शीर उघडी धरणारे जाळीदार स्टेंट आले, तेही आतून भरतात. गळ्याच्या हाडाखाली तर दाबले जाऊन मोडतात. आवरण असलेले स्टेंट त्यांपेक्षा बरे टिकतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी फुगाच. तो लगेच हरला किंवा तीन महिन्यांत त्रास परतला, तरच स्टेंट. आणि सूज नसेल, डायलिसिस नीट होत असेल, तर नुसती फिल्मवर अरुंद दिसते म्हणून शिरेला हातच लावू नये.

आपल्याकडे आजही पुष्कळांचं डायलिसिस मानेतल्या नळीवरच सुरू होतं. घरात कुणाची किडनी उतरणीला लागली असेल, तर फिस्टुलाची गोष्ट डॉक्टरांकडे आजच काढा. रक्त तपासायला सुई टोचायची असेल, तर तळहाताच्या मागची शीर पुढे करा आणि कोपराजवळची फिस्टुलासाठी राखून ठेवा.