अटकेचा अखत्यार
ज्या राज्यघटनेने नागरिकाला व्यक्तिस्वातंत्र्याचे अभिवचन दिले, तिच्याच बाविसाव्या अनुच्छेदाने, गुन्हा घडण्यापूर्वीच माणसास स्थानबद्ध करण्याचा सरकारचा अखत्यारही मान्य केला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. आणीबाणीत, १९७६ साली, अशा स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे विरुद्ध गेले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठास मिळाले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला खरा, परंतु सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे तिचे कलम, संसदेने मंजूर करूनही, कोणत्याच सरकारने (तुरुंगवास भोगून सत्तेवर आलेल्यांनीसुद्धा!) अमलात आणलेले नाही.