कोरिया बाहेरच्यांनी बिघडवला म्हणे!

कोरियन मालिका आपल्या घराघरांत पोचल्यापासून एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो. नायक-नायिका आठव्या भागापर्यंत एकमेकांचा हातही धरत नाहीत, धाकटे थोरांपुढे कमरेत वाकतात, दारूचा पेलासुद्धा वडीलधाऱ्यांसमोर तोंड वळवून पितात. तेव्हा हा समाज मुळात संस्कारी. मग सोलमधल्या 'रूम सलॉन' नावाच्या मद्यगृहांविषयी किंवा 2019 च्या बर्निंग सन या नाइट क्लबमधल्या लैंगिक गैरप्रकारांविषयी काही वाचनात आले की त्याच माणसाकडे स्पष्टीकरणही तयार असते. "हे सगळे अमेरिकनांनी आणले हो. पाश्चात्यांच्या नादी लागून बिघडले बिचारे."

चांगली शिकलेली माणसे हे ठामपणे सांगतात, तेव्हा गप्प बसवत नाही. कोरियात (इथे दक्षिण कोरियाविषयी बोलतो आहे) कडक लैंगिक नीतिनियम आणि देहविक्रयाचा बाजार ही दोन्ही शतकानुशतके एकाच छपराखाली नांदली आहेत, आणि बऱ्याचदा त्या छपराचा मालक खुद्द शासन होते.

जोसन राजवटीपासून सुरुवात करू. कन्फ्यूशियसचे तत्त्वज्ञान हा तिचा पाया. विधवेने पुनर्विवाह केला, तर तिच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसता येत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लागू झालेल्या राज्याच्या संहितेतच ते लिहिलेले होते. त्याआधीच्या गोरियो काळात विधवेचा पुनर्विवाह हा काही गहजब नव्हता, म्हणजे हा 'अनादी' संस्कारही मुद्दाम घडवलेला होता. 1480 मध्ये ओउदोंग नावाच्या खानदानी स्त्रीला अनेक पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल फासावर चढवले. तिच्यासोबतच्या पुरुषांपैकी बहुतेकजण किरकोळ शिक्षेवर किंवा माफीवर सुटले. याच राज्याच्या सरकारी कचेऱ्यांच्या पटावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या गिसेंग स्त्रिया होत्या. त्या कनिष्ठ, दास वर्गातल्या. आईचा दर्जा मुलीकडे जायचा. पाहुण्या अधिकाऱ्याचे मन रमवणे हे त्यांच्या कामातच मोडे. पावित्र्याची अट घरातल्या बाईला, करमणुकीची सोय बाहेरच्या बाईकडून, आणि पुरुषाला दोन्हीकडे मुभा. ही व्यवस्था रुजली तेव्हा अमेरिका नावाचा देश जन्मालाही आलेला नव्हता.

बाहेरच्यांवर खापर फोडणाऱ्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, तो नाकारायचे कारण नाही. परवाने देऊन चालवलेल्या कुंटणखान्यांची वस्ती ही जपान्यांची देणगी. बंदरांमधल्या जपानी वसाहतींत ती आधी आली आणि 1916 मध्ये वसाहतीच्या सरकारने देशभर एकसारखे नियम लागू केले. बुसानची वानवोल-दोंग ही वस्ती त्या काळातली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासन आले आणि त्याच्याच काळात ही परवाना पद्धत कागदोपत्री रद्द झाली. हे ऐकल्यावर 'अमेरिकनांनी आणले' म्हणणारे जरा गोंधळतात. अर्थात अमेरिकी सैनिक हे पुढे मोठे गिऱ्हाईक झाले, हेही खरेच. पण बाजार मांडून कुणी दिला?

कोरियन युद्धात कोरियाच्या सैन्याने स्वतःच्या जवानांसाठी स्त्रियांची 'विशेष सांत्वन पथके' चालवली होती. हा कुणा विरोधकाचा आरोप नाही. 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लष्कराच्याच अधिकृत इतिहासात त्याची नोंद आहे. जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात कोरियन मुलींवर जी लैंगिक गुलामगिरी लादली, तिची जखम ताजी असताना हे घडले.

पुढचा प्रकार तर ढोंगाचा कळस म्हणावा असा. 1961 मध्ये लष्करी राजवटीने वेश्याव्यवसायावर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, देशात 104 'विशिष्ट क्षेत्रे' ठरवण्यात आली, जिथे या कायद्याकडे काणाडोळा करायचा होता. त्यांतली कितीतरी अमेरिकी तळांच्या आसपास होती. दोंगदुचोन, उइजोंगबू, प्योंगतेक ही त्यांतली ठळक नावे. तळाभोवतीच्या अशा वस्तीला गिजिचोन म्हणत. तिथल्या स्त्रियांची नोंदणी होई, त्यांना गुप्तरोगाच्या तपासणीला नियमित जावे लागे आणि तपासणीचे कार्ड जवळ बाळगावे लागे. रोगाचा संशय आला की त्यांना उचलून कोंडून ठेवत आणि पेनिसिलीन टोचत. सोयोसान डोंगराच्या पायथ्याशी अशी एक इमारत होती. खिडक्यांच्या गजांना धरून उभ्या असलेल्या बायका बघून लोक तिला 'माकडघर' म्हणत.

सरकारी अधिकारी या वस्त्यांत येऊन भाषणे देत. तुम्ही देशासाठी डॉलर कमावता, तुम्ही देशभक्त आहात, असे त्या बायकांना सांगितले जाई. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सहीचा 1977 चा एक कागद 2013 मध्ये संसदेत उघड झाला. गिजिचोनच्या 'शुद्धीकरणा'चा तो आराखडा. त्यात 62 वस्त्या आणि 9,935 स्त्रिया मोजलेल्या आहेत. इतका काटेकोर हिशेब शासन परक्याच्या धंद्याचा ठेवत नसते.

जपानी पर्यटकांसाठी 1970 च्या दशकात बहरलेल्या 'गिसेंग पर्यटना'चीही हीच कथा. हॉटेलात शिरायला या धंद्यातल्या स्त्रियांना ओळखपत्रे मिळत आणि परकीय चलनाचे महत्त्व सांगणारी व्याख्याने त्यांना ऐकावी लागत. 1973 मध्ये इह्वा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी गिम्पो विमानतळावर याविरुद्ध निदर्शने केली. म्हणजे विरोध होता, तोही कोरियन स्त्रियांचाच.

कुणाला हे सगळे अजूनही मतमतांतर वाटत असेल, तर न्यायालयाचा निकाल बघावा. 2014 मध्ये गिजिचोनमधल्या 122 स्त्रियांनी स्वतःच्या सरकारवर दावा लावला. अमेरिकेवर नव्हे, सरकारवर. 29 सप्टेंबर 2022 रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शासनाला अंतिमतः जबाबदार धरले. शासनाने या वस्त्या चालवल्या, सांभाळल्या आणि देहविक्रयाला उत्तेजन दिले, असे न्यायालयांनी मान्य केले. भरपाई मिळाली ती प्रत्येकी 30 ते 70 लाख वॉन, आपल्या हिशेबात साधारण दोन ते चार लाख रुपये. उभ्या आयुष्याची किंमत म्हणून ती किती, हे वाचकांनीच ठरवावे.

शिवाय गिऱ्हाईक म्हणून परदेशीच डोळ्यांसमोर आणणे ही आणखी एक सोयीस्कर चूक. तळांवरचे सैनिक कमी झाले, जपानी पर्यटक कमी झाले, तरी बाजार राहिलाच. तो देशी पुरुषांवर चालतो. कामाच्या ठिकाणचे वरिष्ठ आणि व्यवहारातले बडे लोक यांना रूम सलॉनमध्ये नेऊन खूश करायची रीत तिथल्या कंपन्यांमध्ये दीर्घकाळ रुळलेली होती. अशा मद्यगृहांमध्ये कंपन्यांच्या कार्डांवर वर्षाला एक लाख कोटी वॉनहून जास्त खर्च झाल्याचे तिथल्या कर खात्याचे आकडे 2010 च्या दशकाच्या पूर्वार्धात दर वर्षी छापून येत. प्रत्येक रूम सलॉनमध्ये देहविक्रय होतोच असे नाही. पण त्या बिलांवर सह्या करणारे कुणी पाश्चात्य नव्हते, एवढे नक्की.

आता दुसरा गैरसमज, जो पहिल्याच्या अगदी उलट आहे: 'तिकडे ते कायदेशीरच आहे.' अजिबात नाही. उलट कोरियाचा कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. आपल्या 1956 च्या कायद्यात प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हाच गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दलाली, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधणे हे गुन्हे आहेत. कोरियात विकणारी आणि विकत घेणारा दोघेही गुन्हेगार. एक वर्षापर्यंत कैद किंवा 30 लाख वॉनपर्यंत दंड. जबरदस्तीने यात ओढल्या गेलेल्या स्त्रीला कायदा पीडित मानतो आणि शिक्षेतून वगळतो. पण आपण पीडित आहोत हे पटवून द्यायला गेलेली बाई त्यात अपयशी ठरली, तर आरोपी होते. हा या कायद्यातला सगळ्यात वादग्रस्त भाग.

हा कायदा 23 सप्टेंबर 2004 पासून लागू आहे आणि त्याच्यामागे गुनसान शहरातल्या दोन आगी आहेत. सप्टेंबर 2000 मध्ये देम्योंग-दोंगमध्ये 5 स्त्रिया आणि जानेवारी 2002 मध्ये गेबोक-दोंगमध्ये 14 स्त्रिया गुदमरून, होरपळून मेल्या. खिडक्यांना गज होते, दारांना बाहेरून कुलपे होती. या मुलींना आगाऊ कर्ज देऊन अडकवलेले असे आणि ते कर्ज फिटतच नसे. नव्या कायद्याने असे कर्ज बेकायदा ठरवून रद्द केले. पोलिसांनी लाच खाऊन डोळेझाक केली, म्हणून पहिल्या आगीबद्दल शासन जबाबदार आहे, असा निकालही न्यायालयाने दिला.

आणि तरीही, कायदा लागू होताच ऑक्टोबर 2004 मध्ये हजारो स्त्रियांनी टोप्या, मास्क घालून संसदेसमोर मोर्चा काढला. मागणी काय, तर आमची रोजीरोटी बुडवू नका. दलालांनी पाठवलेल्या बायका म्हणून काहींनी त्यांना मोडीत काढले. काही असतीलही तशा, सगळ्या खासच नसणार. किम कांग-जा या पोलीस अधिकारी बाईंचे मत मला या वादात महत्त्वाचे वाटते. 2000 साली सोलच्या जोंगाम पोलीस ठाण्याच्या प्रमुख म्हणून 'मियारी टेक्सास' वस्तीवर त्यांनी जोरदार कारवाई केली होती. त्याच बाई 2015 मध्ये घटनात्मक न्यायालयात कायद्याच्या विरोधात बोलायला उभ्या राहिल्या. ज्यांना दुसरा मार्गच नाही अशा स्त्रियांसाठी मर्यादित जागी परवानगी असावी, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने 31 मार्च 2016 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी कायदा कायम ठेवला. त्या तिघांपैकी दोन न्यायाधीशांचे म्हणणे होते की विकणाऱ्या स्त्रीला शिक्षा नको; तिसऱ्यांचे म्हणणे, कुणालाच नको. मला विचाराल तर त्या दोघांचा मुद्दा पटतो.

'2004 नंतर धंदा संपला' असे सांगणारेही भेटतात. वस्त्या मात्र खरोखर संपत आल्या. सोलमधल्या चोंगन्यांगनीच्या वस्तीच्या जागी आज 65 मजली मनोरे उभे आहेत, देगूची जागालमादांग पाडली गेली, सुवोन स्टेशनजवळची वस्ती 2021 मध्ये बंद झाली. जमिनीच्या भावाचा या नैतिक विजयात वाटा किती, हा प्रश्न तिथले लोकही विचारतात. उरलेला धंदा मसाज पार्लर, भाड्याच्या छोट्या सदनिका आणि फोनमधली ॲप यांत विखुरला.

गिसेंग म्हणजे वेश्या, हेही चूक. तमाशातल्या कलावंतिणीबद्दल आपल्याकडे जो उर्मट समज आहे, त्याच जातीचा हा. त्या गात, नाचत, कविता रचत. काहीजणी वैद्यकीही शिकलेल्या असत. मात्र त्या मुक्त कलावंत होत्या असेही समजू नये. त्या सरकारी मालकीच्या होत्या.

'जपानी लष्कराच्या सांत्वन-स्त्रिया म्हणजे पैसे घेऊन गेलेल्या वेश्या', ही जपानी उजव्यांची जुनी रेकॉर्ड. या अत्याचारातून गेलेल्या किम हाक-सुन यांनी 1991 मध्ये जाहीर साक्ष दिली आणि 1993 मध्ये जपान सरकारनेच कोनो निवेदनात लष्कराचा सहभाग आणि बळजबरी मान्य केली. विषय तिथे संपायला हवा होता.

'व्यभिचार कायदेशीर झाला, आता तिकडे काहीही चालते', हाही गैरसमजच. व्यभिचाराचा गुन्हा घटनात्मक न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कलम 497 रद्द करताना या निकालाची दखल घेतली होती. फरक एवढा की आपले कलम बाईला नवऱ्याची मालमत्ता समजून फक्त परपुरुषाला शिक्षा देई. कोरियाचे 1953 चे कलम पती-पत्नी दोघांनाही सारखेच लागू होते. पदरी पैसा नसलेल्या बायकोच्या हातातले ते एकमेव हत्यार आहे, असे म्हणून तिथल्या महिला संघटनांनी अनेक वर्षे त्याचे समर्थन केले. फौजदारी कलम गेले, पण घटस्फोट आणि जोडीदाराच्या प्रियकर-प्रेयसीकडूनही भरपाई मागण्याचा हक्क शाबूत आहे.

मालिकांवरून समाज जोखणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांचे प्रमाण तिथे 2023 मध्ये 4.7 टक्के होते, आणि तिथल्या दृष्टीने तेही वाढलेले. लाज आणि बाजार एकत्र राहू शकतात.

राहिला तो समाजमाध्यमांवर फिरणारा आकडा: 'कोरियाच्या अर्थव्यवस्थेचा 4 टक्के हिस्सा वेश्याव्यवसायातून येतो.' हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. कोरियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने 2002 च्या परिस्थितीवरून उलाढाल 24 लाख कोटी वॉन आणि त्यातल्या स्त्रिया 3 लाख 30 हजार असा अंदाज केला होता. तो 2004 च्या कायद्याच्या आधीचा. 2007 साठीचा सरकारी अंदाज 14 लाख कोटी वॉनवर, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास आला. बेकायदा धंद्याच्या पावत्या नसतात, त्यामुळे दोन्ही अंदाजच. तेव्हा 4 टक्क्यांचा आकडा कुणी तोंडावर फेकला, तर त्याला आधी साल विचारा.